बोक्याच्या वड्या

आईनं पहिल्यांदा घरी बोका आणला तेव्हा शेजारच्या सुर्वेकाकू मांजर बघायला आल्या होत्या. "काळा हाय का पांढरा?" असं दारातूनच विचारत त्या आत शिरल्या. आईनं डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. आत मेणबत्तीसारखे पांढरेधोप, गुळगुळीत तीन तुकडे होते. काकूंनी एक बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेऊन बघितला, आणि मग बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघितलं. "ह्यो बोका?" आई म्हणाली, "कंपनीत सगळी त्येच म्हणतात." खरं नाव कामाबोको. कंपनीतले जपानी साहेब तसं म्हणायचे. बायकांनी त्यातलं 'कामा' कंपनीत ठेवलं आणि बोका तेवढा घरी आणला.

आई तेव्हा मासळीच्या कंपनीत राणी मासा कापायच्या लाइनवर होती. बंदरावरून मासळीचे क्रेट यायचे. बायका डोकी उडवायच्या, पोट साफ करायच्या, आणि पुढे यंत्रं काटा नि साल वेगळं काढून, बर्फाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन त्या मासळीचा पांढरा लगदा करायची. त्या लगद्याच्या लाद्या गोठवून जपानला जायच्या. माल बरा आहे की नाही हे तपासायला तिकडचे एक साहेब हंगामभर रत्नागिरीत येऊन राहायचे. बरोबरचा माणूस त्यांना कुठल्याशा लांबलचक नावापुढे 'सान' जोडून हाक मारायचा. लांबलचक नाव कुणाला लक्षात ठेवायचंय? बायकांनी सान उचललं, त्याचं साने केलं, आणि साहेब सानेसाहेब झाले. पुण्याचे नव्हेत, जपानचे साने. बुटके, चष्मेवाले, पांढऱ्या गमबुटात दिवसभर फिरणारे, आणि प्रत्येक बाईला वाकून नमस्कार करणारे. आईला कुणी कधी वाकून नमस्कार केलेला नव्हता, त्यामुळे पहिले आठ दिवस तिला त्यांची भीतीच वाटायची.

हे साहेब काचेच्या एका खोलीत बसून दर लॉटमधला थोडा लगदा घ्यायचे, मीठ घालून घोटायचे, प्लॅस्टिकच्या नळीत भरून उकडायचे आणि थंड झाला की त्याच्या पातळ चकत्या कापायचे. मग चकतीची एक घडी, आणि त्या घडीची पुन्हा घडी. रुमालाची करतात तशी. चीर पडली नाही तर माल अव्वल, एका घडीला चिरला तर साधा, घडीच घालू देईना तर विचारूच नका. तपासायला चार-पाच चकत्या लागायच्या, नळी जवळजवळ सगळी उरायची. ते उरलेलं म्हणजे बोका. फेकून द्यायचा म्हणून बायका घरी न्यायच्या. पण नेऊन करायचं काय, हा प्रश्न होता. त्याला मासळीचा वास नाही, काटा नाही, चावला की दाताखाली रबरासारखा उसळी मारतो. आईनं तो तळला तर तेल सगळीकडे उडालं, कालवणात टाकला तर फुगून टोपाचं झाकण उचललं. "मासा हाय तर मासा लागू दे ना बापड्या," असं आई त्याला बोलून दाखवायची. शेवटी तो खऱ्या बोक्यांच्या वाट्याला जायचा, आणि ते सुद्धा दोनदा हुंगूनच तोंड लावायचे.

त्याच वर्षी पाऊस सरता सरता माझी आत्या गेली. देवरूखच्या वर डोंगरात तिचं घर होतं. आत्याचे यजमान आधीच गेलेले, मुलगी शोभा एकटी. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो, बाबा मुंबईहून आले होते. सगळे उठायला लागले तेव्हा शोभा पडवीत आत्याची पितळेची कळशी घासत बसली होती. कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी घासत होती. आईनं तिच्या हातातून कळशी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "चल गो. कपडे बांध." बाबांना विचारलं नाही, मला तर नाहीच. एस. टी.त आमच्या दोघींच्या मध्ये शोभा बसली. आजवर त्या जागी आईची पिशवी असायची.

मी घरात एकुलती एक. बारावीला दोनदा गचके खाऊन घरी बसलेली, बाबा मुंबईला, म्हणजे घरात आई आणि मी अशा दोघीच. आमच्या दोन खोल्यांत आईच्या वाट्याचं सगळं मायेचं खातं माझ्या एकटीच्या नावावर होतं, असं मी धरून चालले होते. आता तिथे अठरा वर्षांची एक सावळी, अबोल मुलगी आली, जिला बांगडा आणि तारली यातला फरक कळत नव्हता, पण जी उठल्या उठल्या चूल पेटवायची, पाणी भरायची आणि आईनं हाक मारायच्या आधी "व्हय मामी" म्हणायची. मी तिचा पहिल्या दिवसापासून द्वेष केला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. माशाच्या पोटात अंड्यांची गाबोळी निघाली की ती माझ्या ताटात पडायची, हा आमच्या घरचा कायदा. आत्याला जाऊन महिना झाला नसेल, एका रात्री जेवताना आईनं गाबोळीचा तुकडा मोडला, अर्धा मला वाढला आणि अर्धा शोभाला. शोभानं तो मुकाट्यानं माझ्या ताटात ठेवला. तेव्हा आई तिला म्हणाली, "खा गो बाय तू. तिनं लई खाल्ल्यान." मला अर्धी गाबोळी गेल्याचं दुःख नव्हतं, त्या 'बाय'चं होतं. मला आई 'रेखे' म्हणायची, आणि रागावली की 'भवाने'.

बोक्याचं काय करायचं हे शोभानं शोधलं. आईनं एकदा तसाच डबा आणून कोपऱ्यात ठेवला होता. शोभानं एक तुकडा चावला, थोडा वेळ चावतच राहिली, आणि म्हणाली, "मामी, ह्याला चव नाय, पण अंग हाय. ह्याला खालवर विस्तव लावूया." त्यांच्याकडे पावसाळ्यात तवशाचं, म्हणजे काकडीचं, धोंडस भाजतात, पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे, तसं. तिनं तांदळाच्या कण्या भिजत घातल्या आणि पाट्यावर भरभरीत वाटल्या. बोका विळीवर बारीक चिरला, चिरताना तो उड्या मारायचा म्हणून डाव्या हाताच्या मुठीत पक्का धरला. मग कांदा, हिरवी मिरची, लसणीच्या पाकळ्या, मूठभर ओलं खोबरं, हळद, आणि वरून कोकमाचं आगळ. मीठ नाही, बोक्यातच असतं. जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान घालून त्याला तेलाचा हात फिरवला, त्यावर ते सगळं थापलं, वर पुन्हा पान. झाकणावर करवंट्यांचे लालभडक निखारे. अर्ध्या तासानं पान करपल्याचा, खोबरं भाजल्याचा आणि त्यामागून हळूच मासळीचा असा वास सुटला की सुर्वेकाकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय गो शिजतंय?" आई म्हणाली, "बोका!" सुरीनं वड्या पाडल्या तेव्हा कडा कुरकुरीत आणि आत मऊ, पण दाताला तेवढीच उसळी. मी तीन खाल्ल्या आणि "बरंय" म्हणाले. चौथी घ्यायची फार इच्छा होती, पण घेतली असती तर हार झाली असती.

आता माझ्याकडे ओव्हन आहे. बोकाही मिळतो, रंगीत दांड्या करून, मॉलमध्ये, खेकड्याच्या नावाखाली. सूनबाई मोबाइलमध्ये बघून जपानी पद्धतीनं त्यावर चीज किसून भाजते, छान लागतं. मी त्यात कण्या आणि आगळ घालून एकदा करून बघितलं होतं. घरातल्यांनी वाहवा केली. आईनं एक तुकडा खाऊन विचारलं, "शोभाला इचारून केलंस?" आई आता पंचाहत्तरीला आली आहे आणि तिला दिसतं कमी, पण चव तिची गेलेली नाही. मी "नाही, आठवलं तसं केलं" म्हणाले. ती म्हणाली, "तरीच." सांगायचं एवढंच की हा मत्सर माझा तरुणपणीचा आजार होता आणि तो बरा झाला, असं कुणी समजू नये.

शोभा आईबरोबर कंपनीत जाऊ लागली, मग मीही हट्टानं गेले. दोघींना एकटं सोडायचं नाही एवढाच त्यामागे विचार. मला पॅकिंगला घातलं. शोभाला काचेच्या खोलीत, कारण तिचे हात गार होते आणि चकतीची घडी ती इतक्या हळुवार घालायची की सानेसाहेब चष्मा कपाळावर चढवून बघत राहायचे. मी काचेबाहेरून लाद्यांचे खोके ढकलत जाताना ते बघायचे. आणि एका दुपारी जेवायच्या सुट्टीत तिनं डब्यातल्या वड्यांपैकी एक कागदावर ठेवून साहेबांच्या पुढे धरली. शोभा लाजाळू, पण ती म्हणाली, "त्यांचाच बोका, त्यांना नको द्यायला?" साहेबांनी वडी उलटून पालटून बघितली, वाकून नमस्कार केला आणि खाल्ली. डोळे मिटले. मग म्हणाले, "ओइशी!"

सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बाजूला आईला आवस म्हणतात, आयशी म्हणतात. आणि बाप्याच्या तोंडून 'आयशी' निघालं की त्याच्या पुढचे शब्द कुठले येतात हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साहेब इतके दिवस रत्नागिरीत राहिले, तेव्हा शिवी शिकले असणार, असंच सगळ्यांना वाटलं, आणि पुढचे शब्द कधी येतात म्हणून सगळ्या घास हातात धरून थांबल्या. ते आलेच नाहीत. साहेब पुन्हा म्हणाले, "ओइशी... ओइशी," आणि त्यांचे डोळे चष्म्याआड ओले दिसले. मिरची लागली असेल, असं मी आता म्हणते. पण त्या क्षणी लाइनवरची सगळ्यात वयस्कर अक्का, जिच्या शब्दाला कंपनीत मान होता, तिनं निकाल दिला. "आगो बायांनो, शिवी नाय ती. त्याला त्याची आयशी आठवली! परमुलखात पडलाय बापडा. आयशीच्या हातचं खाल्ल्यागत वाटलं त्याला." दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. आणि शोभाचा चेहरा मी बघितला. आत्या गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. तेव्हाही रडली नाही. फक्त हळूच म्हणाली, "माज्या आयशीचीच रीत हाय ती."

त्या दिवसापासून कंपनीत शोभाचं नाव झालं. जपानी माणसाला आईची आठवण करून देणारी पोरगी. बायका घरून कण्या आणून द्यायच्या, "आमच्या घरी पावणे हायत, तेवढं खालवर करून दे गो." साहेब दर वेळी वडी खायचे आणि दर वेळी तोच शब्द काढायचे, आणि दर वेळी शोभा घरी येऊन आईला सांगायची, "मामी, आजपण आयशी बोलले." रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती मला विचारायची, त्यांची आयशी कशी असेल गो? तिकडं चूल असेल काय? तिच्या आवाजात इतका आनंद असायचा की मला कूस बदलून भिंतीकडे तोंड करावं लागायचं. गेलेली आई त्या एका शब्दातून तिला रोज थोडी परत मिळत होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच जास्त झोंबत होतं. हिला एक आई वर होती, एक जपानात होती, आणि तिसरी माझी होती. मला एकच, आणि तीही वाटून घ्यायची!

माघ-फाल्गुनात शोभाला ताप आला आणि ती चार दिवस घरी राहिली. मी ठरवलं की आता वड्या मी करणार. पहिल्या घाण्याला निखारे जास्त झाले आणि खालची बाजू कोळसा झाली, तो मी परसात पुरला. दुसरा जमला. आई म्हणाली, "अगदीच वाईट नाय." दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी काचेच्या खोलीत गेले, साहेबांच्या पुढे वडी धरली आणि श्वास रोखून उभी राहिले. साहेबांनी खाल्ली, डोळे मिटले, म्हणाले, "ओइशी!" काय सांगू, माझे पाय जमिनीवर नव्हते. मलाही जमलं! माझ्याही हातात आई आहे! मी तिथेच रेंगाळले, अजून एकदा ऐकावं म्हणून. तेवढ्यात कँटीनचा माणूस कांदाभजी घेऊन आला. साहेबांनी भजी तोंडात टाकली आणि म्हणाले, "ओइशी!" मग चहाचा घोट घेतला. "ओइशी." कँटीनचा तो चहा, ज्याला आम्ही भांडी धुतलेलं पाणी म्हणायचो!

साहेबांच्या हाताखाली कदम म्हणून एक आमच्याकडचे बाबू होते. त्यांच्या खिशात एक छोटी वही असायची, तिच्यात त्यांनी जपानी शब्द मराठीत लिहून घेतलेले. मी त्यांना गाठून विचारलं. ते हसले. "ओइशी? अगो, ओइशी म्हणजे चवदार. झकास झालंय, एवढंच." मी म्हटलं, "आणि आई?" "आई कुठनं आली त्यात?"

मी परत येऊन लाद्या मोजायला लागले. आधी स्वतःचीच लाज वाटली. भजीच्या पंक्तीला बसलेला माझा पराक्रम! आणि मग, हळूहळू, लाजेच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं, ज्याची चव मला त्या वड्यांपेक्षाही जास्त आवडली. माझं खोटं निघालं, मग तिचं तरी खरं का राहावं? एका शब्दात मी शोभाला सगळ्यांच्या डोळ्यांतून उतरवू शकत होते. पण मी लगेच नाही बोलले. तशी मी घाई करणारी नाही. गोष्ट जवळ बाळगण्यातही सुख होतं. रात्री ती "आजपण आयशी बोलले" म्हणायची आणि मी भिंतीकडे तोंड करून हसायचे.

मे महिना सरत आला. होड्या किनाऱ्याला लागायचे दिवस, हंगाम संपला, साहेब जपानला परत जायला निघाले. शेवटच्या दिवशी जेवायच्या सुट्टीत बायकांनी त्यांना निरोप द्यायचं ठरवलं. शोभानं परातभर वड्या केल्या. आणि घरी आठ दिवस पडवीत बसून तिनं कोकमं सुकवली होती, साल आणि रस, साल आणि रस असं पुन्हा पुन्हा, गावी आत्या करायची तसं. ती आमसुलं तिनं धुवट पांढऱ्या फडक्यात बांधली. आत्याच्या लुगड्याचं फडकं होतं ते. कशाला, असं मी विचारलं नाही. जेवायच्या खोलीत सगळ्या गोल उभ्या राहिल्या, हात धुऊन आई लाइनवरून आली आणि दाराशी थांबली. साहेब मधे उभे. शोभा पुढे झाली, परात ठेवली, आणि ती पुरचुंडी दोन्ही हातांत धरून कदमबाबूंना म्हणाली, "बाबू, त्यांना सांगा, ही त्यांच्या आयशीला द्या म्हणावं. माज्या आयशीकडून."

कदमबाबू एकदम कसनुसे झाले. त्यांनी बघितलं ते शोभाकडे नाही, दाराकडे. तेवढ्यात मी बोलले. माझा आवाज मला आठवतो, अगदी गोड होता. "अगो शोभे, आयशी नाय ती. ओइशी. म्हणजे चवदार. ते भजीलापण तेच म्हणतात, कँटीनच्या चायलापण म्हणतात. व्हय की नाय हो बाबू?"

कदमबाबूंनी मान खाली घातली, तेच उत्तर झालं. आधी एक जण हसली, मग दुसरी. निकाल देणारी अक्कासुद्धा "अगो बाय माजे!" म्हणत कपाळाला हात लावून हसली. वाईट मनानं कुणी हसलं नाही, हसूच येण्यासारखं होतं. शोभा पुरचुंडी धरून तशीच उभी. आणि सानेसाहेबांना काय झालं काहीच कळलं नव्हतं. सगळ्या हसतात म्हणून तेही हसले, वाकून नमस्कार केला, परातीतली एक वडी उचलून तोंडात टाकली, आणि डोळे मिटून मोठ्यांदा म्हणाले, "ओइशी!"

मग तर हसण्याचा कहरच झाला. कुणी भिंतीला टेकली, कुणी खाली बसली. साहेबांना वाटलं, आपल्या बोलण्यानं बायका खूश झाल्या, म्हणून त्यांनी अजून दोनदा म्हटलं. शोभाच्या हातातून त्यांनी ती पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि खिशात ठेवली. ती जपानात कुठल्या आईपर्यंत पोहोचली की वाटेतच कुठे टाकली गेली, देव जाणे. शोभाचे रिकामे हात तसेच पुढे राहिले. तिच्या तोंडावरून रंग उतरताना मी बघितला. इतके महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो हा क्षण, आणि मी तो पुरता बघितला, एक थेंबही सांडू दिला नाही.

आई दारातून आत आली. माझ्याजवळून गेली, माझ्याकडे न बघता. तिच्या अंगाला मासळीचा आणि बर्फाचा वास होता. ती शोभासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला ठावं होतं. बाबूनं शिमग्यातच सांगितल्यान."

शोभानं विचारलं, "मंग सांगितलं का नाय, मामी?"

"कशाला सांगू? तू खूश होतीस." खाली बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. शिमग्यापासून, म्हणजे मला कळलं त्याच सुमारास, आईलाही कळलेलं होतं. एका छपराखाली आम्ही दोघी तोच शब्द जपत होतो, मी मारायला आणि ती राखायला. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आईनं शोभाचे ते पुढे राहिलेले हात आपल्या हातांत घेतले होते. आईचे हात मासळी कापून कापून सोललेले. "आयशी पायजे ना तुला?" ती म्हणाली. काही खास आवाज काढून नाही, भाजी पाहिजे का विचारावं तसं. "मला म्हण. हितनं पुढं मामी नको. आये म्हण."

आणि शोभा रडली. आत्या गेल्यापासूनचं सगळं रडली. बायकांच्या त्या घोळक्यात, परातीतल्या वड्या निवत असताना, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून. अक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. साहेब बिचारे घाबरून कदमबाबूंना काहीतरी विचारत होते. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. आईनं मला एक मुस्कटात दिली असती तर मी तिची आयुष्यभर ऋणी राहिले असते. ती त्या दिवशी मला काहीच बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही. मी वाट बघितली, बरीच वर्षं.

शोभाचं पुढे चांगलं झालं. गुहागरला दिली, दोन मुलगे, नवरा शिक्षक. रविवारी न चुकता तिचा व्हिडिओ कॉल येतो, मला "रेखाताई" म्हणते, तिच्या मनात काही नाही. खरोखरच नाही, आणि तेही मला कधीकधी सहन होत नाही. मी फोन आईच्या तोंडासमोर धरून उभी राहते. दोघींचं बोलणं संपेपर्यंत हात भरून येतो.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. आम्ही तिघी घरी आलो. आई चुलीपुढे बसून भात वेळून पेज काढत होती, तिची पाठ आमच्याकडे. मी उंबऱ्यात बसले होते, शोभा पडवीत पाणी भरत होती. दुपारचं सगळं एकदा बोलून टाकायचं ठरवून मी हाक मारली, "आये." जन्मापासून मी तिला तशीच हाक मारत आले होते, आणि ती मान न वळवता, हातातलं काम न सोडता "काय गो" म्हणायची. घरात तिला आये म्हणणारी मी एकटीच, तिला बघायची गरजच नव्हती. त्या संध्याकाळी तिनं टोप खाली ठेवला आणि वळून बघितलं, कोण हाक मारतंय ते.